ब्रेकचा दिवा लागलाय, पण ब्रेक तर लागतोय!

खरं सांगा, गाडीच्या मीटरवर ब्रेकचा दिवा पेटला की तुम्ही आधी काय करता? चावी बंद करून पुन्हा चालू करता ना? दिवा विझला तर गिअर टाकून निघायचं. नाही विझला तर मीटरवर दोन टपल्या मारायच्या आणि तरीही निघायचं. मी पण हेच करायचे. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असूनही.

गेल्या ऑगस्टमध्ये एकदा पहाटे साडेपाचला फोन वाजला. मामेभावाचा. तो कॅनडात, ऑन्टॅरिओत शिकतो. तिकडे आदल्या संध्याकाळचे आठ वाजले होते. हॅलो नाही, कशी आहेस नाही. आधी मीटरचा फोटो आला. लाल गोल, गोलात उद्गारचिन्ह आणि खाली ब्रेकमध्ये बिघाड असल्याचा इंग्रजीतला इशारा. मग आवाज आला, "हे काय असेल गं? आणि बाबांना सांगू नकोस."

बाबांना का नाही सांगायचं? कारण बाबांना गाडीचाच पत्ता नव्हता. एज्युकेशन लोन काढून शिकायला गेलेल्या या पोराने पार्ट टाइमच्या पैशांतून सेकंडहँड तीनचाकी मोटारसायकल घेतली होती आणि घरी ताकास तूर लागू दिला नव्हता. आता गंमत बघा. त्याचे बाबा, म्हणजे माझे मामा, कऱ्हाडात रिक्षाचं गॅरेज चालवतात. गेली तीस वर्षं. मी कॉलेजसाठी त्यांच्याच घरी, गॅरेजच्या वरच्या खोलीत राहते. तीन चाकांचं ज्याला सगळ्यात जास्त कळतं, त्याच माणसापासून तीन चाकांची गोष्ट लपवायची होती.

तीनचाकी मोटारसायकल म्हटलं की आपल्याला रिक्षाच आठवते. ही तशी नाही. हिला हँडल मोटारसायकलचं, बसायचं घोड्यावर बसल्यासारखं, पण पुढे दोन चाकं आणि मागे एक. या प्रकारातली सगळ्यात ओळखीची गाडी म्हणजे स्पायडर. क्युबेकमधल्या व्हॅलकोर्टच्या बीआरपी कंपनीने ती २००७ मध्ये आणली. बर्फावरच्या स्की-डू गाड्या बनवणारी हीच ती कंपनी. पुढे त्यांनीच रायकर नावाची छोटी बहीण काढली. यामाहाची निकेन आहे, पियाजिओची एमपी३ आहे, त्या वळणावर बाइकसारख्या कलतात. आणि पियाजिओ म्हणजे कोण, तर १९४८ मध्ये आपे बाजारात आणणारे, ज्यांचा कारखाना आज आपल्या बारामतीत आहे. म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही.

भावाची गाडी कोणत्या कंपनीची होती ते राहू दे. जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण तिच्यामुळेच माझ्या पोटात गोळा आला. स्पायडरच्या पठडीतल्या गाड्यांना हँडलवर ब्रेकचा लिव्हर नसतो. उजव्या पायाखाली एकच पेडल, तेच तिन्ही चाकांचा ब्रेक लावतं. आपल्या बाइकवर पुढचा गेला तर मागचा, मागचा गेला तर पुढचा, अशी हातपायाची वाटणी असते. इथे सगळा भरवसा एका पायावर.

लांडगा आला रे आला

भावाने सांगितलं ते असं. कामावरून निघाला. उतारावर सिग्नल लागला म्हणून ब्रेक दाबला, तर दिवा पेटला. सपाटीला आला, विझला. पुढच्या सिग्नलला परत पेटला. शेवटी एका पेट्रोल पंपाच्या कडेला त्याने गाडी लावली. खोली अजून ४० किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त हायवे. अंधार पडायला लागलेला. दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट.

"ब्रेक तर लागतोय," तो म्हणाला. "हळूहळू जाऊ का?"

मी "जा" म्हणणारच होते. खोटं कशाला बोलू? कारण हा दिवा आमच्या दोघांच्या ओळखीचा झाला होता.

एप्रिलमध्ये, हिवाळा संपल्यावर त्याने गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मीटरवर दिवाळी होती. ब्रेक, एबीएस, स्टॅबिलिटी, सगळे दिवे एकदम. तेव्हाही फोटो आला होता. चार-पाच दिवे एकाच वेळी लागले तर चार-पाच पार्ट एकाच रात्रीत बिघडले असं होत नाही, त्या सगळ्यांना जोडणारं काहीतरी एकच बिघडलेलं असतं, एवढं माझ्या डोक्यात आलं. ते निघालं बॅटरी.

हे जरा समजून घ्या, तुमच्याही कामाचं आहे. चावी फिरवली की एबीएसचा कंट्रोल युनिट स्वतःची हजेरी घेतो. त्यासाठी त्याला नीट व्होल्टेज लागतं. बरी बॅटरी, गाडी बंद असताना, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास आली म्हणजे निम्मीच उरली. आता स्टार्टर मारला की तो एका दमात इतका करंट ओढतो की व्होल्टेज धाडकन खाली येतं. अशक्त बॅटरी तेव्हा फार खाली जाते, युनिटला पोटभर मिळत नाही, आणि तो 'काहीतरी बिघडलंय' म्हणून दिवा लावून मोकळा होतो. ब्रेक ठणठणीत असतो. इंजिन चालू असताना मीटर लावलं तर साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर बॅटरीच्या आधी चार्जिंगकडे बघा. भावाच्या बाबतीत तर बॅटरीचं टर्मिनलच ढिलं होतं. आवळलं, दिवे गेले, आम्ही खूश.

जूनमध्ये ब्रेकचा दिवा एकदा परत लागला. त्याने बंद-चालू केलं, गेला. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन केला तर तो म्हणाला, या गाड्यांचं असंच असतं, लक्ष देऊ नकोस.

शाळेतली लांडगा आला रे आला ही गोष्ट आठवते ना? त्यात आपण सगळे त्या पोराला हसतो. गावकऱ्यांचं काय चुकलं ते कुणी विचारत नाही. त्यांनी चौथ्या वेळी टेकडीवर जाऊन बघायला हवं होतं. ऑगस्टच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघं ते गावकरी होतो. फक्त एक गोष्ट मला खटकली. या वेळी दिवा एकटाच होता. एबीएसचा पिवळा नाही, बाकी काही नाही. आणि तो स्टार्ट करताना लागला नव्हता, ब्रेक दाबताना लागला होता.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि जिना उतरले.

पेडल कुठवर जातंय?

मामा गॅरेजच्या पायरीवर चहा घेत होते. मी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. पलीकडे शांतता. अलीकडेही शांतता. मामांनी कप खाली ठेवला आणि फोनकडे तोंड करून विचारलं, "पेडल कुठवर जातंय?"

ओरडणं दुसऱ्या दिवशी झालं, आणि भरपूर झालं. त्या वेळी पहिला प्रश्न हाच.

"बाबा, ते मीटरवर असं आलंय की..."

"मीटर राहू दे. पायाला काय लागतंय ते सांग."

मामांनी त्याला गाडी बंद करून पेडल दाबायला लावलं. ही तपासणी तुम्ही तुमच्या बाइकच्या लिव्हरवर आज करू शकता, पाच मिनिटांचं काम आहे. दाबल्यावर लिव्हर कडक लागतो की स्पंजसारखा? तीन-चार वेळा पटापट दाबला तर वर येतो का? येत असेल तर लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता मोठी. आणि दाबून तसाच धरून ठेवला, अर्धा मिनिट, तर हळूहळू खाली बसत जातो का? बसत असेल तर तेल कुठूनतरी सटकतंय, बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतला रबर गेलाय. पास्कलचा नियम आपण शाळेत घोकलाय. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. भांडं बंद राहिलं तरच. द्रव दबत नाही म्हणून ब्रेक लागतो, हवा दबते म्हणून लागत नाही. एवढंच आहे ते.

भावाचं पेडल नेहमीपेक्षा थोडं खाली जाऊन लागत होतं. पंप केल्यावर फरक नाही. धरल्यावर खाली बसत नव्हतं. मामांनी मान हलवली. म्हणजे हवा नाही, मोठी गळती नाही.

"डबीत तेल किती आहे?"

"मिनिममच्या रेषेवर आहे. पण बाबा, मी जूनमध्येच टॉप-अप केलं होतं."

"का?"

"कमी झालं होतं म्हणून."

"का कमी झालं होतं?"

भाऊ गप्प. मी पण गप्प. ब्रेक ऑइल काही पेट्रोल नाही, ते जळत नाही. बंद पाइपात असतं. कमी झालं म्हणजे ते कुठेतरी गेलंय, आणि कुठे गेलं हे बघितल्याशिवाय वरून ओतायचं नसतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. जूनमध्ये त्याने मला टॉप-अपचा फोटो पाठवला तेव्हा मी अंगठा दाखवला होता.

मामांचा पहिला अंदाज रिक्षाचा होता. "व्हील सिलिंडर गळतोय बघ. चाकाच्या आतल्या बाजूनं ओल आहे का बघ." रिक्षाच्या ड्रम ब्रेकमध्ये तेल कमी झालं की बहुतेक वेळा तेच निघतं, तेल लायनरवर उतरतं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. भावाने मोबाइलची बॅटरी लावून तिन्ही चाकं, सगळे पाइप बघितले. कोरडे ठाक.

मग मी तोंड उघडलं. "मामा, त्याला ड्रम नाही. तिन्ही चाकांना डिस्क आहे."

मामा क्षणभर थांबले. "मग पॅड बघायला सांग."

आता डिस्क ब्रेकमधलं हे गणित लक्षात घ्या. पॅड झिजतो तसा कॅलिपरमधला पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि तिथेच राहतो. त्याच्या मागे जी जागा मोकळी होते ती भरायला डबीतलं तेल खाली उतरतं. म्हणून कुठेही थेंब न गळता डबीतली पातळी खाली येते. डबीत एक छोटा फ्लोट असतो, तो ठरावीक पातळीच्या खाली गेला की लाल दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असेल तर उतारावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर तेल एका बाजूला कलतं, फ्लोट बुडतो, दिवा पेटतो, आणि सपाटीवर विझतो. भावाचा दिवा 'मूड'प्रमाणे लागतोय असं आम्हाला वाटत होतं, तो असा काटेकोर वागत होता.

बऱ्याच गाड्यांत पॅडवर वेगळा सेन्सर नसतो. पॅड संपत आल्याची बातमी येते ती या तेलाच्या मार्गानेच. जूनमध्ये दिवा हेच सांगायला लागला होता. आपल्या पठ्ठ्याने वरून तेल ओतून त्याच्या तोंडात बोळा कोंबला. पुढचे दोन महिने पॅड झिजत राहिले आणि दिवा बिचारा गप्प बसला. बंद-चालू केल्याने जूनमध्ये दिवा गेला असं तो म्हणाला होता ना, तो खरं तर टॉप-अपने गेला होता. दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

पुढचे पॅड टॉर्चच्या उजेडात दिसले, चांगले होते. मागचा बाहेरचा पॅड बरा वाटला. आतला दिसेना.

"तिन्ही चाकांजवळ हात ने," मामा म्हणाले. "हात लावू नको, पोळशील. नुसती धग बघ."

"पुढं कोमट. मागं... बाबा, मागं भट्टी आहे."

"न्यूट्रल कर. सपाटीला आहेस ना? पार्किंग ब्रेक सोड आणि ढकल."

तीनशे किलोच्या वरची गाडी. सोडलेल्या ब्रेकवर ती एका माणसाच्या रेट्याने सपाटीवर सरकायला हवी. ती जागची हललीच नाही म्हणाना. पार्किंग ब्रेकचा दिवा मात्र विझलेला. मामांना तिथेच कळलं. पार्किंग ब्रेक मागच्या चाकावर, केबलने ओढला जाणारा. सुटला की नाही हे मीटर विचारतं पेडलच्या स्विचला. स्विच म्हणतो सुटला. केबल मात्र आत अडकलेली. पॅड डिस्कला चिकटून फरफटतोय, कोण जाणे किती दिवसांपासून.

आणि केबल का अडकली? ऑन्टॅरिओत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाखाली बसतं, ओलाव्याबरोबर केबलच्या आवरणात शिरतं आणि गंज धरतो. आधीच्या मालकाने गाडी हिवाळ्यात उघड्यावरच ठेवली होती. आपल्याकडे कोकणातल्या गाड्यांचं खारट हवेने होतं, तसंच.

चाळीस किलोमीटर

"मग हळूहळू गेलो तर?" भावाने परत विचारलं. मला त्याचं कळत होतं. टो करायचे पैसे, सकाळची शिफ्ट, रात्री त्या पंपावर एकटं थांबणं. आणि ब्रेक खरोखरच लागत होता. प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली होती.

"फेल होईस्तोवर लागतच असतोय की रं ब्रेक," मामा म्हणाले.

हे वाक्य मी नंतर आमच्या सरांना सांगितलं, ते बराच वेळ हसले आणि मग त्यांनी फळ्यावर त्याचं शास्त्र लिहिलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर प्रमाणानुसार ही मर्यादा १५५ वर येऊ शकते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. चिकटलेल्या ब्रेकवर हायवेने गाडी पळवली की कॅलिपर तापतच राहतो. तेल जुनं असेल तर कॅलिपरजवळ उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल दाबलं की पाय नुसता खाली जातो. चाळीस किलोमीटरपैकी हे कधी होईल ते मीटर सांगत नाही. तेल डबीत नीट असेल तर दिवासुद्धा लागणार नाही.

मामांनी एवढं काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तिथं गाडी ठेवू देतील का? मग ठेव. तू बसने जा, चालत जा, काय पण कर." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, "पोचल्यावर फोन करायला सांग."

भावाने मित्राला बोलावलं. रात्री अकराला, म्हणजे आपल्या सकाळी साडेआठला, पोचल्याचा मेसेज आला. सकाळची शिफ्ट गेली. गाडी ट्रकवर चढवून वर्कशॉपला न्यावी लागली. मागचा आतला पॅड पूर्ण संपला होता. पोलादी पट्टी थेट डिस्कवर घासत होती आणि डिस्कवर नखाला लागतील अशा खोबणी पडल्या होत्या. नवे पॅड, नवी डिस्क, नवी केबल, तिन्ही चाकांचं तेल बदलून हवा काढलेली. बिल त्याच्या महिन्याभराच्या खोलीभाड्याएवढं आलं. जूनमध्येच बघितलं असतं तर केबल आणि पॅडवर भागलं असतं.

आता तुमच्या गाडीकडे या

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे असली गाडी? बरोबर. पण दिवा आहेच की. १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना आणि २०१९ च्या एप्रिलपासून त्या गटातल्या सगळ्याच नव्या दुचाकींना आपल्याकडे एबीएस सक्तीचं झालं. तेव्हापासून तो पिवळा दिवा आपल्या मीटरवर राहायला आलाय.

पिवळा आणि लाल यांत गल्लत करू नका. एबीएसचा पिवळा दिवा चालत्या गाडीवर लागून राहिला तर साधा ब्रेक सहसा चालू असतो, पण जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. ओल्या रस्त्यावर सांभाळून थेट गॅरेज गाठा. लाल दिवा म्हणजे आधी थांबा. पार्किंग ब्रेक ओढलेला नाही ना ते बघा (हसू नका, पुष्कळदा तेच असतं), मग तेल.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझलाच पाहिजे. सेकंडहँड गाडी बघायला गेलात आणि चावी फिरवूनही तो पेटलाच नाही, तर खूश होऊ नका. दिवा काढलाय की त्यावर काळी पट्टी चिकटवलीय, हे विकणाऱ्याला विचारा. उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

पंक्चर काढून आणल्यावर लगेच एबीएसचा दिवा लागला, असं झालंय का कधी? चाकाजवळ एक दातेरी किंवा भोकांची रिंग असते आणि समोर सेन्सर, तो चाकाचा वेग मोजतो. चाक काढताना सेन्सरची वायर चेपते, सेन्सर हलतो, रिंग वाकते, किंवा नुसता चिखल बसतो. आधी पुसून बघा. नवा सेन्सर घ्यायची घाई नको.

मग ब्रेक लाइटचा स्विच. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबा-सोडा. भिंतीवरचा लाल उजेड वाढतो-कमी होतो का? बाइकला दोन स्विच असतात, हाताचा आणि पायाचा, दोन्ही वेगवेगळे तपासा. ब्रेक न दाबता लाइट जळतच राहिला तर मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळणारच नाही. भावाच्या गाडीसारख्या संगणकवाल्या गाड्यांत तर आणखी गोंधळ. ब्रेक दाबलाय आणि ॲक्सिलरेटरही दिलाय असं कॉम्प्युटरला दिसलं की काही गाड्या स्वतःहून ताकद कमी करतात. मालक इंजिन उघडायला निघतो आणि दुखणं असतं हललेल्या स्विचचं.

स्कॅनर लावला की कळतं ना सगळं, असं आमच्या वर्गातल्या पोरांना वाटतं. कळतं, पण किती? पी ०५७१ हा कोड आला तर त्याचा अर्थ ब्रेक स्विचच्या सर्किटमध्ये तक्रार आहे. स्विच खराब, वायर तुटलेली, कनेक्टरमध्ये पाणी, यांतलं नेमकं कोणतं ते कोड सांगत नाही. कोड तुम्हाला गल्लीपर्यंत सोडतो, घर तुम्हीच शोधायचं. आणि शोधायच्या आधीच कोड पुसून टाकला तर गल्लीचा पत्ताही गेला.

स्कूटरवाल्यांनो, ड्रम ब्रेक असेल तर तेल नाही आणि दिवाही नाही. मागच्या ब्रेकच्या आर्मपाशी एक छोटा बाण आणि बॉडीवर एक खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला टेकला की शू संपले. किती जणांनी तो बाण बघितलाय? मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बघितला नव्हता.

भावाने मग बाबांना गाडीचा फोटो पाठवला, चोहोबाजूंनी. मामांनी मोबाइल आडवा-उभा करून बघितला आणि निकाल दिला, "रिक्षा उलटी लावलीय." ते विनोद करत होते, पण बरोबर होतं. ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो. रिक्षाला पुढे एकच चाक, म्हणून वळणावर ब्रेक दाबला की ती कलंडायला बघते. या गाडीला पुढे दोन, भार दोघांत वाटला जातो. "डोकं चालवलंय," मामा म्हणाले. "पण पॅसेंजर कुठं बसवणार?"

बोलणी दोन आठवडे चालली. मग थांबली. आता भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि मामा त्याला आधी मागच्या चाकाजवळ कॅमेरा न्यायला लावतात.

परवा सकाळी एक रिक्षावाला गॅरेजच्या दारात रिक्षा तशीच चालू ठेवून म्हणाला, "मामा, घाई आहे, जरा ब्रेक ऑइल टाका की वरून." बाटली कट्ट्यावरच होती. मी ती उचलायला गेले. मामांनी चावी फिरवून रिक्षा बंद केली आणि मला म्हणाले, "जॅक आण."